सहा परांचं रॉकेट तीन परांवर

मे महिन्याच्या शेवटी माझ्या मावसभावाने ओहायोहून मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. पांढऱ्या पुठ्ठ्याची एक नळी, तिच्यावर लांबीच्या दिशेने पेन्सिलीने मारलेल्या सहा बारीक रेघा आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी एक खूण. खाली इंग्रजीत प्रश्न होता, ‘ताई, हा कसला कोड आहे?’

कोड कसला आलाय! ते आपले १, २, ३, ४, ५, ६ होते. काकांच्या हातचे. भाऊ बारा वर्षांचा आहे, मराठी बोलतो पण वाचत नाही, त्यामुळे त्याला ते कळले नाहीत. काका जाऊन तीन वर्षं झाली. तळघरातल्या एका खोक्यात त्याला हे अर्धवट जोडलेलं मॉडेल रॉकेट सापडलं होतं आणि ते त्याला उडवायचं होतं. मावशी नर्स आहे, तिच्या शिफ्ट सांभाळून तिला वेळ मिळत नाही. मला सुट्टी होती. म्हणून एका साहित्याच्या विद्यार्थिनीने जून महिन्यातले चार शनिवार बेळगावच्या पावसात मोबाइलसमोर बसून, स्वतः कधी हात न लावलेलं रॉकेट दुरुस्त करायला मदत केली. त्यांच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. आई म्हणायची, अभ्यासाला एवढा वेळ कधी दिला होतास का. दिला नव्हता.

हा सगळा प्रकार काय असतो ते आधी सांगते, कारण आपल्याकडे ‘रॉकेट’ म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, एक श्रीहरिकोटा आणि दुसरी दिवाळी.

मॉडेल रॉकेट या दोन्हींच्या मधलं. कागदी नळी, प्लास्टिकचं किंवा हलक्या लाकडाचं टोक, बाल्सा लाकडाचे पर आणि मागच्या बाजूला कारखान्यात तयार झालेलं, बोटाएवढं, एकदाच वापरायचं इंजिन. ते विजेच्या तारेने दुरून पेटवायचं. रॉकेट वर गेलं की त्याच इंजिनातली थोडी दारू उलट्या बाजूने, म्हणजे पुढच्या दिशेने उडते, टोक ढकलून बाहेर काढते, पॅराशूट उघडतं आणि रॉकेट अलगद खाली येतं. नवीन इंजिन घालून ते पुन्हा उडवता येतं. दिवाळीचं रॉकेट जातं ते जातंच. इथे परत येणं हाच खरा मुद्दा आहे.

हा छंद अमेरिकेत सुरू झाला आणि तो एका चपला-बूट विकणाऱ्या माणसाने सुरू केला हे मला फार आवडलं. ऑरव्हिल कार्लाइल यांचं नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी बुटांचं दुकान होतं आणि फटाक्यांचा नाद होता. १९५४ च्या सुमारास त्यांनी कागद आणि बाल्साची, पॅराशूटने परतणारी छोटी रॉकेटं बनवली. तिकडे व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेले हॅरी स्टाइन हे लेखक-अभियंते, घरच्या घरी लोखंडी नळ्यांत रसायनं ठासून रॉकेटं करणाऱ्या आणि त्यात जखमी होणाऱ्या, प्रसंगी जीव गमावणाऱ्या मुलांबद्दल लिहीत होते. कार्लाइलनी त्यांचा लेख वाचला आणि आपली रॉकेटं त्यांना पाठवून दिली. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेतल्या प्रत्येक पोराला रॉकेट हवं झालं. इंजिनं पुरेनात. मग व्हर्न एस्टस नावाच्या गृहस्थांनी ती भराभर बनवणारं यंत्र तयार केलं, त्याचं नाव ‘मेबल’. एस्टस कंपनी पुढे कोलोरॅडोत पेनरोझ या गावी स्थिरावली.

थोडक्यात, इंजिन स्वतः बनवायचं नाही आणि धातूचं काही वापरायचं नाही, या दोन पथ्यांवर हा छंद उभा आहे. रॉकेट डोक्यावर पडलंच तर डोकं फुटू नये, रॉकेट फुटावं. हे वाचून कुणाच्या मनात फटाक्यातली दारू काढून नळीत भरायची कल्पना आली असेल, तर स्टाइन यांचा लेख त्याच मुलांसाठी होता हे लक्षात ठेवा.

आता आमच्या खोक्याकडे.

काकांचं किट साधं नव्हतं. सिनेमातल्या अंतराळयानासारखं, तीन मोठे पर, तीन छोटे पर, बाजूला दोन जोडनळ्या, वर काड्यांचे अँटेना. काकांनी इंजिन बसायची आतली नळी दोन कड्यांसकट पक्की चिकटवली होती, टोकाला धरून ठेवणारं रबर बसवलं होतं आणि सहा परांच्या रेघा आखल्या होत्या. तिथे काम थांबलं होतं. मधल्या वर्षांत तळघराच्या ओलीने छोट्या परांची बाल्साची फळी वाकडी झाली होती, जोडनळ्या चेपल्या होत्या. अँटेनाच्या काड्या तर गायबच. शाबूत होते ते टोक, मुख्य नळी आणि तीन मोठे पर.

आणि ‘पर’ हा शब्द कसा आला तेही सांगून टाकते. भाऊ ‘फिन’ म्हणत होता. मी पंख म्हणाले तर तो म्हणाला, पंखाने उडतात, हे तर उडवत नाहीत, नुसतं सरळ ठेवतात. बरोबर होतं त्याचं. मग आईने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, ‘अगं माशाचे असतात ते पर!’ बाजारातून आणलेल्या बांगड्याचे पर कापत होती ती. पर हा शब्द कायम झाला.

मी सुचवलं की यान विसरून जाऊ. याचं सरळ, नुसतं उडवायचं रॉकेट करू. या छंदात त्याला स्पोर्ट मॉडेल म्हणतात. खऱ्या कुठल्या रॉकेटची नक्कल नाही, स्पर्धा नाही, शेंडीवर अंडं ठेवून वर न्यायचं वगैरे प्रयोग नाहीत. नळी, टोक, तीन पर, पॅराशूट. दुपारी उडवायचं, पुन्हा उडवायचं, घरी यायचं.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पण मग ते पप्पांचं राहील का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, रेघा त्यांच्याच वापरू. आणि खरोखर रेघांनी ते सोपं केलं. सहा रेघा म्हणजे दर ६० अंशांवर एक. एकाआड एक घेतली तर तीन रेघा दर १२० अंशांवर येतात, म्हणजे तीन परांना हवं तेच. खात्री म्हणून त्याने नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून मोजली. नळीचा व्यास जेमतेम २५ मिमी, घेर ७८ मिमी, त्याचे तीन भाग २६-२६ मिमीचे. काकांच्या १, ३ आणि ५ या रेघा त्यावर तंतोतंत बसल्या. उरलेल्या तिन्हींपैकी २ वर त्याने स्ट्रॉच्या तुकड्यासारखी छोटी नळी चिकटवली. तिच्यातून उड्डाणाची सळई जाते. ती दोन परांच्या मधोमधच लागते, म्हणजे तीही जागा काकांच्या रेघेनेच दिली. ४ आणि ६ तशाच राहिल्या.

पर चिकटवणं हे चिकाटीचं काम आहे. बाल्साच्या धाग्यांची दिशा पराच्या पुढच्या कडेला समांतर हवी, नाहीतर पर उतरताना काडकन मोडतो. पुढची कड पॉलिश पेपरने गोल करायची, मागची निमुळती. पराच्या बुडाला लाकडाचा गोंद लावून नळीला एकदा टेकवायचा, काढायचा, वाळू द्यायचा आणि मग पुन्हा गोंद लावून कायमचा बसवायचा. पहिला थर नळीच्या कागदात मुरतो, दुसरा त्याला धरतो. सगळं वाळल्यावर पर आणि नळीच्या कोपऱ्यात बोटाने गोंदाची एक रेघ ओढायची. भावाला झटपट चिकटणारा गोंद वापरायचा होता. मी नको म्हटलं, कारण त्यात पर वाकडा बसला की सरळ करायला वेळच मिळत नाही.

पण आपण तीन पर आणि दोन नळ्या कमी केल्या, तर रॉकेट सरळ जाईल का? किट बनवणाऱ्याने सहा परांचा हिशेब केला होता, आमचं तीनवर भागेल कशावरून?

दिवाळीच्या रॉकेटची काडी आठवा. लहानपणी आम्हाला वाटायचं की ती बाटलीत उभं करायला असते. काडी मोडून लावलेलं रॉकेट शेजाऱ्यांच्या गॅलरीत कसं शिरतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना काडीचं खरं काम माहीत आहे. उडणाऱ्या वस्तूत दोन जागा महत्त्वाच्या. एक गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे बोटावर ठेवली तर ती समतोल राहते. दुसरा दाबमध्य, म्हणजे वारा बाजूने लागला तर त्याचा सगळा जोर जणू ज्या ठिकाणी लागतो तो बिंदू. वस्तू नेहमी गुरुत्वमध्याभोवती वळते. दाबमध्य त्याच्या मागे असेल तर वारा शेपटीला मागे ढकलतो आणि नाक पुन्हा समोर येतं. दाबमध्य पुढे आला तर वारा नाकालाच मागे ढकलतो आणि रॉकेट कोलांट्या खातं. जुन्या चर्चच्या शिखरावर वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा असतो. त्याची शेपटी मोठी असते ती याचसाठी. त्याला मराठीत ‘वातकुक्कुट’ असा भारदस्त शब्द आहे, जो मी परीक्षेबाहेर पहिल्यांदाच वापरते आहे.

पर दाबमध्याला मागे ओढतात. म्हणून पर कमी केले की दाबमध्य पुढे सरकतो, धोका वाढतो. पण आम्ही मागच्या भागातलं वजनही काढलं होतं, त्यामुळे गुरुत्वमध्यही पुढे सरकला होता, तो फायदा. फायदा जास्त की तोटा, ते मोजल्याशिवाय कळत नाही. दोन्ही बिंदूंत निदान नळीच्या व्यासाएवढं अंतर असावं असा नियम आहे. आमच्या बाबतीत २५ मिमी.

दाबमध्य नीट काढायची रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये या छंदवाल्यांसाठी सोपी करून मांडली. आज संगणकावर तेच गणित चटकन होतं. पण आम्हाला दोघांनाही हाताने काही करायचं होतं, म्हणून जुनी पुठ्ठ्याची रीत घेतली. रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती, दोन पर दिसतील अशी, पुठ्ठ्यावर कापायची आणि पट्टीच्या कडेवर तोलायची. जिथे तुकडा तोलला जातो तो आपला कामचलाऊ दाबमध्य. खरा दाबमध्य सहसा याच्याही मागे असतो, म्हणून ही रीत भित्री आहे पण फसवत नाही.

आकडे असे आले. टोकापासून मोजलं तर पुठ्ठ्याचा तुकडा २८ सेंमीवर तोलला गेला. इंजिन, पॅराशूट सगळं भरून रॉकेट २६ सेंमीवर. (इंजिन भरूनच मोजायचं. ते शेपटीत असतं, रिकाम्या रॉकेटचा गुरुत्वमध्य छान पुढे दिसतो आणि तोच घात करतो.) फरक दोनच सेंमी. कमी.

तरी भावाने गोफणीची परीक्षा घेतली. समतोलाच्या जागी दोरी बांधायची, चिकटपट्टीने पक्की करायची आणि दोनेक मीटर दोरीवर रॉकेट डोक्याभोवती गोफणीसारखं फिरवायचं. ते नाक पुढे ठेवून फिरलं पाहिजे. आमचं आडवं फिरत राहिलं, मावशीच्या कुंडीवर आपटता आपटता वाचलं. मग त्याने टोकाच्या पोकळीत चार ग्रॅम मातकाम करायची चिकणमाती ठासली. ५० ग्रॅमच्या आसपासच्या रॉकेटला चार ग्रॅम म्हणजे काय विशेष, असं वाटतं, पण ती अगदी टोकाला असल्याने तिची तरफ लांब. गुरुत्वमध्य साडेचोवीसवर आला. आता फरक साडेतीन सेंमी. पुन्हा गोफण. या वेळी नाक पुढे. मोबाइलच्या पडद्यावर मला फक्त आकाश, गवत, आकाश, गवत असं दिसत होतं आणि त्याचं ओरडणं ऐकू येत होतं.

इंजिनाची गोष्ट. खोक्यात काकांनी आणलेली जुनी इंजिनंही होती. ती वापरायची नाहीत असं शाळेतल्या ज्या शिक्षकांच्या देखरेखीखाली हे उड्डाण व्हायचं होतं त्यांनी बजावलं, आणि ते योग्यच होतं. थंडी-उन्हाच्या फेऱ्यांत आतली दाबून भरलेली दारू नळीपासून सुटते, तिला चिरा जातात, आणि मग ती हळूहळू जळायच्या ऐवजी एकदम पेटून इंजिन फुटू शकतं. नवीन घ्यायची ठरली. त्यांच्या नावात सगळं असतं. ‘सी६-५’ मधलं अक्षर म्हणजे एकूण जोर. ‘ए’ वर्ग जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंदाचा, ‘बी’ पाचचा, ‘सी’ दहाचा, प्रत्येक पुढचं अक्षर दुप्पट. पहिला आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे जळण संपल्यावर टोक उडेपर्यंत किती सेकंद थांबायचं.

मूळ किटवर ‘सी’ लिहिलं होतं. भावाला अर्थातच तेच हवं होतं. पण आम्ही रॉकेट हलकं केलं होतं, ओढ कमी केली होती, ते ‘सी’वर दिसेनासं झालं असतं. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांत ‘ए’साठी मैदान निदान १०० फूट हवं, ‘सी’साठी ४००. शाळेचं मैदान तेवढं नव्हतं. शिवाय ‘सी’ इंजिन साधारण आठ ग्रॅमनी जड, तेही शेपटीत. आमचा गुरुत्वमध्य त्याने जवळजवळ दोन सेंमी मागे गेला असता आणि चार ग्रॅम चिकणमातीचं सगळं पुण्य वाया. ‘ए८-३’ ठरलं.

या सगळ्यात माझी एक चूक झाली, ती लिहायलाच हवी.

टोक आणि नळी यांना जोडणारं रबर काकांनी बसवलं होतं. तीन घड्यांच्या कागदात गुंडाळून, आतल्या भिंतीला इतकं सफाईने चिकटवलेलं की भावाने टॉर्च मारून मला ते दोनदा दाखवलं. ‘हे बदलू का?’ त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, नको, ते पप्पांनी लावलंय, राहू दे. रबर किती वर्षांचं आहे हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. साधं रबर पडून पडून वाळतं. घरातल्या वहीला लावलेलं रबर तुटतं तसंच. इंजिनाबद्दल आम्ही शहाणे होतो, रबराबद्दल भावुक.

शनिवारी वारा मंद होता. सळई ९० सेंमीची, कारण परांना काम करायला वेग लागतो आणि तो येईपर्यंत सळईने धरून ठेवायचं असतं. सगळे पाच मीटरांच्या बाहेर. पाचपासून उलटी मोजणी भावाने मराठीत केली, पाच, चार, तीन, दोन, एक. फुस्स असा आवाज आला आणि फोन हलला. तो नंतर म्हणाला, दोऱ्यात ओवल्यासारखं सरळ गेलं. मी पाहिलं ते नुसती धुराची रेघ आणि तिच्या वरच्या टोकाला पांढरा ठिपका. मग ठिपक्याचे दोन झाले.

रबर तुटलं होतं. पॅराशूट टोकाला बांधलेलं, त्यामुळे चिकणमातीसकट टोक छत्रीत बसून निवांत कुंपणापलीकडे, रस्त्यापलीकडे निघून गेलं. ते मिळालं नाही. नळी गोल गोल फिरत गवतात पडली, ३ नंबरचा पर बुडातून उखडला. मी इकडून ‘सॉरी, सॉरी’ म्हणत होते. त्याने नळी उचलून आत पाहिलं. कागदाची घडी जागच्या जागी होती, तिच्यातून बाहेर आलेला रबराचा तुकडा तेवढा नखाएवढा उरला होता.

‘पप्पांचा गोंद नाही सुटला,’ तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी दुरुस्ती. नवीन टोक सुट्या भागांच्या पाकिटात मिळालं, पुन्हा चिकणमाती, पुन्हा मोजणी, कारण नवीन टोकाचं वजन तेच असेल असं धरून चालत नाही. रबराच्या जागी मावशीच्या शिवणाच्या डब्यातलं चपटं इलास्टिक, रॉकेटच्या दुपटीहून लांब, म्हणजे टोक झटक्याने बाहेर आलं तरी ताण हळूहळू पडतो. काकांची घडी काढली नाही. नवी घडी तिच्या समोरच्या बाजूला चिकटवली. पॅराशूटऐवजी प्लास्टिकची लांब पट्टी बांधली. एवढ्या हलक्या रॉकेटला ती पुरते आणि वारा तिला दूर नेत नाही. पट्टी भाजू नये म्हणून तिच्या आणि इंजिनाच्या मध्ये न पेटणाऱ्या कागदाचे बोळे. ते विसरले तर वर गेलेली पट्टी गोळा होऊन खाली येते.

रंग द्यायचा नाही असं त्याने स्वतःच ठरवलं. वजनाचं कारण सांगितलं. फक्त पारदर्शक वॉर्निशचा एक पातळ हात दिला आहे, त्याखाली ४ आणि ६ अजून वाचता येतात.

हे रॉकेट आतापर्यंत सात वेळा उडालंय. पाचव्या वेळी ‘बी’ इंजिन लावायची परवानगी त्याने शिक्षकांकडून मिळवली, दुसऱ्या मोठ्या मैदानावर, आणि त्याआधी गुरुत्वमध्य मोजून मला आकडा मराठीत लिहून पाठवला. २५ मधला ५ उलटा काढला होता. मी दुरुस्त करून परत पाठवला.